बाऊरोकाकाची लांब तार

बाऊरोकाका कुणाच्याही खड्ड्यात उतरायच्या आधी दोनदा खोकायचा. घसा बिघडलेला नव्हता त्याचा. सकाळी गोड रसासाठी पोय, म्हणजे माडाचा कोवळा फुलोरा, छाटायला वर चढला की असा गळा मोकळा सोडून गायचा, की पार पलीकडच्या किनाऱ्यावर जाळं टाकणारेही मान वर करायचे. आमच्याकडे माडावरचा माणूस गातोच. न गाता चढला तर खाली आंघोळ करणाऱ्या बायका म्हणतात, मेला चोरून बघतोय.

खोकण्याचं कारण वेगळं होतं. खड्ड्यात कुणी काम करत असेल, तर त्याला आपली पाल्याची टोपली झाकायला वेळ मिळावा म्हणून तो खोकायचा.

हे खड्डे बाबाईचे. बाबाई म्हणजे अळूच, पण पान एवढं की पावसात दोघांनी खाली उभं राहावं. पुरुषभर खोल खणलं की तळाशी गोडं पाणी लागतं, त्यात ती लावायची. मुळाशी कुठला पाला घालायचा, किती कुजवायचा, कुठल्या महिन्यात, हे ज्याच्या त्याच्या घराचं गुपित. बाप मरताना मुलाच्या कानात सांगतो. जावयाला सांगत नाहीत. लग्नाच्या जेवणाला कुणाचा कंद केवढा आला यावर घराण्याची इज्जत ठरते, आणि दुसऱ्याच्या खड्ड्यात डोकावणाऱ्याला गाव चोर समजतं.

अशा गावात हा एक माणूस दर महिन्याला बाराच्या बारा खड्ड्यांत उतरायचा. त्याला मी भर सभेत खोटारडा म्हणाले. म्हणून हे लिहायला बसले आहे.

चार वर्षांपूर्वी फिजीहून सेनिमिली नावाची एक संशोधक बाई आली. वर्षागणिक समुद्र जमिनीखालून किती आत शिरतो, ते तिला मोजायचं होतं. तिनं पेनाएवढं मीटर आणलं होतं, त्याला वीतभर तार. तार पाण्यात धरायची, आकडा वाचायचा. हजाराच्या आत असेल तर पाणी गोडं. तीन हजारांच्या वर गेलं की बाबाईची मुळं सडणार, असा तिचा हिशेब. पण खड्ड्यात उतरणार कोण? आमच्या मानेआबात, म्हणजे गावाची सभा भरते त्या मोठ्या छपराखाली, तीन दिवस खल चालला. शेवटी म्हातारा किआउआ म्हणाला, "बाऊरोला पाठवा. त्याला ना मूल ना बाळ. गुपित चोरलं तरी देईल कुणाला?"

गाव हसलं, बाऊरोकाकाही हसला. सत्तावीस वर्षं तो मालवाहू बोटींवर इंजिनाच्या खोलीत होता. दर तासाला काटा बघून वहीत लिहायचं, हेच काम. "काटा सांगतो ते लिहायचं, आपल्याला वाटतं ते नाही," असं तो येताजाता सांगायचा. त्या दिवशी चटईवर हात टेकून त्यानं सगळ्यांना शब्द दिला, "पाणी बघेन. दुसरं काही दिसलं तरी तोंडातून निघणार नाही."

मी तेव्हा राजधानीत, ताराव्यात होते. शाळा सातवीला सोडली. पुढचं सगळं रेडिओ, पत्रकं आणि भांडणं यांतून शिकले. मोर्चे काढले, मंत्र्याच्या गाडीपुढे आडवी झाले. मागच्या साली, आठ वर्षांनी, गावी परतले तेव्हा लोक मला मारेवेऐवजी 'कर्णा' म्हणायला लागले होते. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

त्याच साली ताराव्याहून तीन अधिकारी आले. पावसाचं पाणी धरायला मोठं छप्पर आणि टाक्या एकाच गावाला मिळणार होत्या, एक तर आम्हाला, नाहीतर दक्षिणेच्या गावाला. आमच्या विहिरीच्या पाण्यानं चहा नासायला लागला होता. मी म्हटलं, टाक्या आणल्याशिवाय राहत नाही. आणि अधिकाऱ्यानं सभेत कागद वाचला. दक्षिणेच्या गावात आकडे चार हजार, पाच हजार. आमच्या बारापैकी अकरा खड्ड्यांचं पाणी गोडं.

माझं डोकं फिरलं. सेनिमिली मापांची वही घेऊन बसली होती, तिच्या हातातून ती ओढली.

"काका, ही वही तुझीच ना?"

"माझीच."

"आमच्या खड्ड्यातली पानं पिवळी पडून लोळताहेत. आंधळ्यालाही दिसेल. आणि तू आठशे लिहितोस?"

"मीटरनं आठशे सांगितलं."

"अकरा खड्डे गोडे. खारट एकच, बारावा. बारावा कुणाचा?"

काका खिशातलं मीटर चाचपत राहिला. किआउआ पुटपुटला, "त्याचाच."

"वा! समुद्र काय पत्ता विचारत आला? बाऊरोचं घर कुठलं म्हणून? का टाकी तुझ्याच छपराखाली हवी होती?"

कुणीतरी फिसकन हसलं. हसू ऐकलं की मला आणखी चेव येतो. वहीच्या समासात तीन ठिकाणी त्याच्या जाड अक्षरात लिहिलेलं होतं, 'लांब तार हवी.' तेही मी वाचून दाखवलं.

"आणि हे काय? कंबर वाकत नाही होय रे? घरात झोपून मोजायचं होतं? माडाखाली बसून आकडे लिहिणारा खोटारडा मेला!"

आता सगळी सभा हसली. काकानं वर बघितलं. माझ्याकडे नाही, माझ्या आईकडे. मला वाटलं, ओळखीचं तोंड शोधतोय, बाजू घ्या म्हणून. आई चटईची वीण बघत होती. मग त्यानं खिशातून मीटर काढलं, शर्टाच्या टोकानं पुसलं, चटईवर ठेवलं आणि वाकून छपराबाहेर गेला.

त्याच्या बाजूनं एकाही माणसानं तोंड उघडलं नाही. मला वाटलं, माझं म्हणणं सगळ्यांना पटलं.

अधिकाऱ्यांची बोट शुक्रवारी सुटणार होती. त्यांनी सांगितलं, नवं माप घ्या, मग बघू. सेनिमिलीनं मीटर माझ्या हातात दिलं. मी लगेच निघाले तशी किआउआनं काठी आडवी घातली.

"कुठं निघालीस? आज सोमवार. आज घरोघर सांगायचं, उद्या मोजायचं. बाऊरो आदल्या दिवशी सांगायचा. उगाच घुसायचं नाही."

मी घरोघर सांगून आले. सगळ्यांनी गोड तोंडानं हो म्हटलं. दुपारी घरी पोहोचले तर आई दोन्ही हातांत बिस्किटांचे मोठे डबे घेऊन खड्ड्याकडे निघालेली. डब्यांत पाणी. घराच्या छपरावरून पिंपात धरलेलं, आमच्या पिण्याचं.

"आई, हे काय चाललंय?"

"दिसत नाही? पाणी घालतेय."

"कशाला?"

"उद्या माप आहे, तूच सांगून गेलीस ना? पाहुणे येणार म्हटल्यावर अंगण झाडतेस की नाही? तसंच हे."

तिनं डबे हळूच, बोटं आडवी धरून ओतले. गोडं पाणी हलकं. वरच राहिलं. मी काठावरून बघत होते.

"कधीपासून ओततेस?"

"पहिल्यांदा पानं पिवळी पडली तेव्हापासून. तुझ्या बापाचा खड्डा आहे हा. याच्या कंदावर तुझ्या तिन्ही आत्यांची लग्नं झाली. तो सडला असं कागदावर लिहून गावोगाव वाचून दाखवायचं?"

"आणि बाकीचे?"

"बाकीच्यांकडे काय इज्जत नाही? सगळेच ओततात. बोलत कुणी नाही."

मला विचारायचं नव्हतं, पण तोंडातून गेलंच. "बाऊरोकाकाला माहीत होतं?"

आईनं डबा पालथा केला. "त्याला काय डोळे नाहीत? एकदा मी डबा काठावरच विसरले. त्यानं उचलून झुडपामागे ठेवला, कुणाला दिसू नये म्हणून. आणि पाणी मोजून गेला."

"आई! मी त्याला सभेत एवढं बोलत होते, तेव्हा तू..."

"मी काय? तुला कुणी बोलू देतं का मध्ये?" मग खालच्या आवाजात म्हणाली, "मी खालीच बघत होते, पोरी."

लांब तार! वीतभर तार वरच्या वरच बुडणार. लांब तार असती तर तळ बोलला असता, आणि काकाचा शब्दही मोडला नसता. तीन वर्षांत तीनदा मागितली त्यानं. मी ती वाचून गावाला हसवलं. आणि बारावा खड्डा! तेवढा एक त्याचा स्वतःचा होता, तिथं शब्द आडवा येत नव्हता. घराण्याची लाज त्यानं दर महिन्याला स्वतःच्या हातानं लिहिली. चार हजार दोनशे, चार हजार सहाशे, पाच हजार. त्यावर मी विचारलं होतं, समुद्र पत्ता विचारत आला का म्हणून.

मी त्याच्याकडे गेले. ओट्यावर बसून तो काथ्याची दोरी वळत होता, मांडीवर घासून. बस म्हणाला नाही. मी बसले.

"काका, मला कळलं."

"बरं झालं."

"तू तिथंच का नाही बोललास?"

"कुणाचं नाव घेऊ, मारेवे? तुझी आई समोर बसली होती."

दोरी वळणं चालूच.

"सेनिमिलीला तरी सांगायचंस."

"तिला तार मागितली. ती म्हणाली, पुढच्या वर्षी बघू."

"मी सभेत माफी मागते."

"माग. तू म्हणालीस तेही सभेतच म्हणालीस. दोन्ही तिथंच राहतील."

दोरी संपली तरी मांडीवर हात घासत राहिला. मी उठून आले.

मंगळवारी माप घेतलं. अकरा खड्डे, सातशे ते नऊशे. प्रत्येक काठावर ओला डाग, प्रत्येक घरची माणसं हसून बघणारी. मीही गप्पच. शेवटी आमच्या खड्ड्यात उतरले. न फोडलेल्या पोकळ नारळाच्या करवंटीला एकच भोक होतं, त्यावर अंगठा दाबून ती खांद्यापर्यंत हात घालून तळाशी नेली, अंगठा सोडला, भरल्यावर पुन्हा दाबून वर काढली. तार बुडवली. चार हजार नऊशे. आई काठावर उभी होती. म्हणाली, "लिहू नकोस." मी लिहिलं.

गुरुवारी सभेत उभी राहिले. किआउआ म्हणाला, "काय गं कर्णा, आज आवाज बसला वाटतं?" खरंच बसला होता. आमच्या खड्ड्याचा आकडा सांगितला, वरचा आणि तळाचा. पाणी आमच्याच घरून ओतलं जात होतं हेही सांगितलं. दुसऱ्या कुणाचं नाव घेतलं नाही. बाऊरोकाकाची वही खरी आहे आणि मी त्याच्यावर घाणेरडा आळ घेतला, असं म्हणून चटईवर डोकं टेकवलं. माझा मोठा भाऊ तिथून उठून गेला. वर्ष झालं, तो माझ्याशी बोलत नाही. बाऊरोकाका आलाच नव्हता.

मला वाटलं होतं, आता एकेक जण उठेल. कुणी उठलं नाही. आणि अधिकारी शांतपणे म्हणाला, "बाई, एका खड्ड्यावरून गाव ठरवता येत नाही. बाराव्या खड्ड्याची तीन वर्षांची नोंद आहे, पण ती खोटी आहे असं सोमवारी तुम्हीच सर्वांसमोर सांगितलंत. आज खरी म्हणता. आम्ही वर काय कळवायचं?"

गावाच्या बाजूनं खरा पुरावा एकच होता, एका माणसानं स्वतःची लाज पणाला लावून जमवलेला. तो मी माझ्याच तोंडानं मोडला होता. टाक्या दक्षिणेच्या गावाला गेल्या. त्यांनाही गरज होतीच, त्यांच्याशी माझं भांडण नाही.

चार महिन्यांनी सेनिमिलीनं लांब तार पाठवली. आता मोजायला मी जाते. आदल्या दिवशी सांगत नाही. पाच घरांनी परवानगी दिली आहे, सात घरं अजून काठी आडवी घालतात. पाचही घरांच्या खड्ड्यांच्या तळाचे आकडे चार हजारांच्या वर आहेत. खड्ड्याशी गेले की मी दोनदा खोकते, मग उतरते. टोपली दिसली तर तोंड फिरवते.

बारावा खड्डा बुजत आला आहे, तरी मोजते. काकानं मला अडवलं नाही. त्याचा माड त्याच वाटेवर आहे. सकाळी लांबून त्याचं गाणं ऐकू येतं, पूर्वीसारखंच, अख्ख्या किनाऱ्याला जाईल असं. मी माडाखाली पोहोचले की ते थांबतं. वर पोय छाटल्याचा आवाज येत राहतो. मी मान खाली घालून पुढे जाते, आणि बरीच लांब गेल्यावर गाणं पुन्हा सुरू होतं.