मावशीची लाइन

टेलिफोन ऑफिसात त्याला सगळे मास्तर म्हणत, कारण लाइन तपासताना तो हजेरी घेतल्यासारखा रिसीव्हरमध्ये ओरडायचा, "हॅलो! ऐकू येतंय?" पलीकडून "हो" आलं की स्वारी खूश. लाइन कानाने तपासायची, ही शिकवण मावशीची. ती त्याच ऑफिसात ऑपरेटर होती. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं आणि इथे चिकटवलंही.

टेकडीवरच्या जुन्या एक्स्चेंजच्या तांब्याच्या तारा काढून तिथले फोन इंटरनेटवरून चालवायचं काम मास्तरकडे आलं. आवाजाचे तुकडे करून एका टोकाच्या यंत्राने पाठवायचे, दुसऱ्या टोकाच्याने जोडायचे. फक्त दोन्ही यंत्रं एकाच घड्याळावर चालायला हवीत. नाहीतर एक जरा पुढे, एक जरा मागे, आणि अधूनमधून एखादा तुकडा गळतो. मास्तरने फोन लावून बघितला. आवाज खणखणीत! घड्याळाचं उद्या बघू म्हणाला आणि हत्यारं आवरून घरी गेला. तो उद्या काही उजाडला नाही.

मावशी टेकडीवरच राहायची. तिला दवाखान्याने एक छोटं उपकरण दिलं होतं. ते छातीला लावून फोनशी धरलं की ठोक्यांचा आलेख शिटीच्या सुरात डॉक्टरांकडे जायचा.

एका दुपारी मास्तर तिच्याकडे गेला, तर बाई फोनपाशी घाम पुसत बसलेली. "जातच नाही रे मेलं. मधेच तुटतं."

त्याने रिसीव्हर कानाला लावला. दवाखान्याचं यंत्र तयार असल्याचा सूर पलीकडून येत होता. मग बारीकसा टक. गप्पा मारताना कुणाच्या लक्षातही आला नसता. पण आलेख तिथेच तुटत होता, आणि मास्तरला राहून गेलेलं घड्याळ आठवलं.

"कधीपासून?"

"नवी लाइन आली तेव्हापासून."

"अगं, मग बोलली का नाहीस?"

"तक्रार केली असती तर नाव तुझंच निघालं असतं ना! म्हटलं, करेल पोरगा नीट."

तो तडक एक्स्चेंजकडे पळाला. तिथलं यंत्र ऑफिसातल्या यंत्राच्या घड्याळाला जोडायला फारसा वेळही लागला नाही, आणि त्याचीच त्याला जास्त लाज वाटली. मावशीला फोन करून आलेख पुन्हा पाठवायला सांगितलं. या खेपेला तो पूर्ण गेला. दवाखान्यातून लगेच निरोप आला, पेशंटला ताबडतोब घेऊन या.

मावशी वाचली. पण डॉक्टर त्याला बाजूला घेऊन म्हणाले, "आलेख आधी मिळाला असता तर हृदयाला एवढी इजा झाली नसती. आता चढण बंद. टेकडीवरचं घर विसरायला सांगा त्यांना."

चूक माझी आहे, हे शब्द मास्तरच्या ओठांपर्यंत आले आणि तिथेच अडले.

तो खोलीत शिरला तेव्हा मावशी नर्सला सांगत होती, "हा माझा भाचा बरं का. याने लाइन दुरुस्त केली म्हणून वाचले मी."

"नशीबवान आहात," नर्स म्हणाली.

मावशीने त्याच्याकडे बघितलं नाही. चादरीखालून त्याचा हात तेवढा घट्ट धरला. मास्तरला तो सोडवून घेता येईना, आणि तिच्या हातात ठेववेनाही.