आयोडीन आणि उरलेला भात

काचेच्या बशीतल्या भातावर आयोडीनचा तपकिरी थेंब पडला आणि शितं बघता बघता काळीनिळी झाली. अकरावीच्या मुली "अय्या!" म्हणाल्या. स्टार्च म्हणजे साखरेच्या कणांची लांबलचक साखळी, आयोडीन ती लगेच दाखवून देतं, हे वाक्य माझ्या तोंडून सवयीने बाहेर पडलं.

यंदा या प्रयोगाला भात माझ्या घरचा असतो. हे गेले त्याला दीड महिना झाला, पण सकाळी हात अजून दोघांचेच तांदूळ घेतो. शिजवलेलं टाकवत नाही, म्हणून उरलेला भात डब्यात भरून प्रयोगशाळेत आणते. रडू येत नाही. खरं तर काहीच येत नाही.

"आता डब्यातला भात तोंडात घ्या आणि दोन मिनिटं चावत राहा. लाळेने साखळी तुटते, साखर सुटी होते."

"मॅडम, खरंच गोड लागतोय!" पुढच्या बाकावरची मुलगी म्हणाली.

मीही घासभर तोंडात टाकला आणि घड्याळाकडे बघत चावत राहिले. लाळ तिचं काम करत असणारच, तिला कुठे काय माहीत? मला मात्र शेवटपर्यंत चव कळली नाही.

तास संपल्यावर प्रयोगशाळेतले शिपाईमामा बशा विसळत म्हणाले, "मॅडम, ही शेवटची बॅच. उद्यापासून भात नका आणू."

मी बरं म्हटलं. दुसऱ्या दिवशी ते आठवलं, तेव्हा दोघांचे तांदूळ धुऊन झाले होते.