झूल टाकलेली फटफटी

नात माझ्यासारखीच उंच निघाली. बीडला लहान मोटरसायकल बघायला गेली, तर दुकानदार म्हणाला, ही शिकाऊ माणसाची गाडी, तुमच्या उंचीला शोभायची नाही. तोंड पाडून घरी आली. मी म्हटलं, गाडी बसायला घ्यायची की शोभायला? असल्याच गाडीवर मी दूध वाहिलंय.

त्या साली पाऊस पडलाच नाही. आमचं गाव लिंबागणेशच्या बाजूला. दर साली मी आणि नवरा ऊसतोडीला जायचो; तोडणाऱ्या दोघांच्या जोडीला एक कोयता म्हणतात. त्या साली म्हशी दुभत्या होत्या, म्हणून नवऱ्यानं आपल्या भावाशी जोडी लावली आणि बैलगाडी घेऊन टोळीबरोबर गेला. मी आणि सासूबाई म्हशी घेऊन गावाबाहेरच्या चारा छावणीत राहिलो.

गावात दूध सोसायटीचं केंद्र होतं. सोसायटीची एक जुनी, लहानशी फटफटी होती. तिच्यावर कॅन बांधून दूध मांजरसुंब्याच्या फाट्यावर न्यायचं, तिथून सकाळी टेम्पो जायचा. पण गाडी चालवणारा गडीही टोळीत निघून गेला. टेम्पो चुकला, दूध नासलं. पुन्हा चुकला, पुन्हा नासलं. वरून निरोप आला की आणखी एकदा असं झालं तर केंद्र बंद.

केंद्र बंद म्हणजे म्हशी बाजारात आणि मी कोयता घेऊन फडात. मला फडात जायचं नव्हतं. ऊस तोडताना उंच बाईला जास्त वाकावं लागतं, आणि कंबरेला काही सांगून उपयोग नसतो.

सोसायटीचे चेअरमन नात्यानं माझे दीर लागायचे. माणूस बुटका, पोट सुटलेलं. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, त्यामुळं गाडी चालवायची बंदी होती. मी म्हटलं, "भावजी, मला शिकवा. मी नेते दूध."

ते मला खालपासून वरपर्यंत बघत राहिले. त्याला वेळ लागला. "वहिनी, तुमी हिच्यावर बसलात तर गाडी दिसायची बी न्हाई."

"दूध दिसल्याशी मतलब. गाडी कशाला दिसाया पायजे?"

नऊवारीचा काष्टा होता, त्यामुळं टांग टाकायची अडचण नव्हती. अडचण गुडघ्यांची होती. पाय वर घेतले की गुडघे थेट हँडलला लागायचे. वळवायला गेलं की हँडल गुडघ्यावर आपटायचं आणि गाडी सरळच जायची. छावणीतल्या बायका दावणी सोडून बघायला आल्या. एक म्हणाली, "बेडूक बसलंय गं!" दुसरी म्हणाली, "बेडूक न्हाई, उंट. उंटाला शेळीवर बसवलंय."

चेअरमन शेजारून पळत होते. "थांबवा, वहिनी! थांबवा!"

मी थांबवली. म्हणजे माझ्या हिशेबानं थांबवली. बैल थांबवायचा तर कासरा आपल्याकडं ओढायचा, हे हाताला लहानपणापासून माहीत. मी दोन्ही मुठी आपल्याकडं ओढल्या आणि ओरडले, "हो! हो! हो!" उजवी मूठ फिरली आणि फटफटी उधळली. जितकी जोरात पळाली तितकं मी जोरात ओढलं. शेवटी चाऱ्याला आणलेल्या उसाच्या वाड्याच्या, म्हणजे शेंड्याकडच्या पाल्याच्या, ढिगात घुसली, तेव्हा बंद पडली. मी वाड्यात कंबरेपर्यंत. आमचीच म्हैस आली आणि माझ्या कानाजवळचं वाडं खायला लागली.

बायका हसून हसून खाली बसल्या. मीही हसले. त्या साली छावणीत हसायला दुसरं काही नव्हतं.

चेअरमन दम खात म्हणाले, "ही गाडी उंच माणसाची न्हाई. सोडा नाद."

सासूबाई पुढं आल्या. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, म्हैस घेताना मारतात तशी. "पाय लांब हायेत, ते काय कापायचे? बसायची जागा वर करा की." खोपीतून त्यांनी पोळ्याची बैलाची झूल आणली. त्या दिवसांत बैलही नव्हते आणि सणही नव्हता. चौघडी करून ती सीटवर सुतळीनं आवळली.

मी बसले. गुडघे खाली उतरले, हँडल मोकळं फिरलं, आणि पाय तरीही दोन्हीकडं जमिनीला टेकले. झुलीवरचे आरसे मांड्यांना टोचायचे, तेवढं चालतं. कासऱ्याची सवय जायला मात्र वेळ लागला. तोवर सासूबाई वाड्याच्या ढिगापुढं काठी घेऊन उभ्या राहायच्या. मला अडवायला नाही, म्हशीला हटवायला.

मग दूध न्यायची सकाळ आली. दोन्ही बाजूंना भरलेली कॅन, मधे मी, आणि माझ्या मागं चेअरमन, कॅनवर पाय ठेवून. वाटेत कोरडी नदी होती. मधोमध चाक वाळूत रुतलं आणि गाडी एका अंगाला कलली. चेअरमननी डोळे मिटले. बुटका माणूस असता तर तिथंच दुधानं नदी वाहिली असती. मी दोन्ही पाय वाळूत रोवले, गाडी उभी धरली आणि बसल्या बसल्या पायांनी ढकलत पलीकडं नेली.

"वहिनी, चालताय का चालवताय?"

"दोन्ही. तुमी नीट बसा."

फाट्यावर टेम्पोवाला मागची फळी लावून निघायच्या बेतात होता. मी हॉर्न दाबला. तो वाजला नाही, म्हणून ओरडले. त्यानं दूध घेतलं. त्यानंतर टेम्पो माझ्या हातून कधी चुकला नाही, आणि केंद्र बंद पडलं नाही.

हंगाम संपल्यावर टोळी परत आली. नवरा माझ्यापेक्षा वीतभर बुटका. बैलं भावाच्या हवाली करून तो फाट्यावर माझी वाट बघत बसला होता. मी आले. त्यानं गाडी बघितली, मग झूल बघितली.

"माझ्या बैलाची झूल हाय ती."

"हाय ना."

"सरक. मी चालवतो."

मी उतरले. तो बसला आणि त्याचे दोन्ही पाय लोंबायला लागले. गाडी मीच धरली होती म्हणून बरं. टेम्पोवाला हसला.

"झूल काढ," नवरा म्हणाला.

"न्हाई काढणार. मागं बस."

तो बसला. लिंबागणेशपर्यंत माझ्या खांद्याला धरून मागून सांगत होता, हळू, लई हळू. मी मूठ आपल्याकडं ओढली.