बन्सीकाका वास शोधत हिंडतात

बन्सीकाकांना वास येत नाही, ही गोष्ट कितीतरी महिने फक्त मला ठाऊक होती, आणि तीही एका हारामुळे. बोईसरच्या रंगाच्या कारखान्यात आम्ही दोघं एकाच खात्यात होतो. पावसाळा संपता संपता काका निवृत्त झाले, तेव्हा हार आणायचं काम माझ्याकडे आलं. मी जवळच्या उमरोळीचा, घरची फुलांची वाडी आहे, म्हणून आईने पहाटे खुडलेल्या मोगऱ्याचा घसघशीत हार नेला. अख्खं खातं दरवळलं. काकांनी गळ्यातला हार नाकाशी धरला, पुन्हा धरला, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "केदार, प्लॅस्टिकचा आणलास का रे?"

मला आधी रागच आला. मग त्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं, ते थट्टा करत नव्हते.

काका मूळचे हिंगोलीकडचे. तरुणपणी बोईसरला आले ते 'चार वर्षं काढू आणि परत जाऊ' असं म्हणत, आणि त्या चार वर्षांतच केस पांढरे झाले. गावी वावर होतं, गोठा होता, भावाने खोली राखून ठेवली होती. रंभाबाई काकूंनी तर निरोपसमारंभाच्या आधीच भांडी पोत्यात बांधली. आणि ऐन वेळी काका म्हणाले, "जरा थांबू. इतकी वर्षं राहिलो, पण इथलं काही बघितलंच न्हाई."

खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. डॉक्टर म्हणाले होते, वास येईलही, नाहीही येणार, सांगता येत नाही. काकांनी त्यातलं 'येईल' तेवढं उचललं. चांगल्या हवेत हिंडलं, झाडापानांत राहिलं की नाक मोकळं होईल, असं त्यांनी ठरवून टाकलं. काकूंना मात्र सांगायचं नाही, अशी मला शपथ घातली.

मग माझे रविवार गेले. मलाही आपला मुलूख दाखवायची हौस, स्कूटर होतीच. पण या माणसाबरोबर काही बघणं म्हणजे शिक्षा. बागेत गेलो की बाकावर टेकायचे नाहीत. एक फूल हुंगायचं, दुसरं हुंगायचं, पान चुरगाळून नाकाला लावायचं, फेकायचं, की "चल, पुढं." पालघरच्या एका बागेत चाफ्याची फांदी वाकवताना रखवालदाराने शिट्टी फुंकली आणि साठीच्या माणसाला पोरासोरांदेखत झापलं. काका त्यालाच विचारत होते, "याला वास हाय का पण?" केळव्याला सुरूच्या झाडांखाली मी जरा आडवा झालो, तर हे सुया खुडून हाताला चोळत बसलेले. दातिवऱ्याच्या खाडीवर बगळ्यांचा थवा उतरला. मी म्हटलं, बघा तरी. त्यांनी मान वर केली नाही, हातात चिखल घेतला होता. माझा जीव नुसता वैतागून जायचा. ज्याला थांबता येत नाही त्याला काय दाखवायचं?

मार्चमध्ये वाघोबा खिंडीतल्या रानात गेलो. मोहाची फुलं झाडाखाली पडली होती आणि वासाने माझं डोकं गरगरत होतं. काकांनी ओंजळभर फुलं उचलून त्यात तोंड खुपसलं. बराच वेळ तसेच उभे राहिले. मग ओंजळ सोडून दिली.

"गोड असंल ना?" त्यांनी विचारलं.

"गोड हाय. पण काका, पुरे झाला आता. गावाला जावा. तिथे हवा काय कमी चांगली हाय?"

"तेच तर," ते म्हणाले. "इथं न्हाई आला तर म्हणता येतं, इथली हवाच खराब. उद्या मी माझ्या गोठ्यात उभा राहिलो, कडब्यात तोंड घातलं, अन् काहीच आलं न्हाई, तर मग कुठं जाऊ? जन्मभर ज्याच्यासाठी थांबलो, ते तिथं नसलंच तर?"

मी स्कूटरला किक मारली.

पुढच्या एका रविवारी दांडीच्या किनाऱ्यावर गेलो. बांबूच्या दांड्यांवर बोंबील वाळत होते. तिथून जाताना बाहेरचा माणूस हमखास नाकाला रुमाल लावतो. माझ्याही नकळत माझा हात वर गेला. काका मात्र दांड्यांच्या मधोमध जाऊन शांत उभे राहिले. बोंबील उलटणारी एक बाई हसत पुढे आली. सुगंधा तिचं नाव. नावाप्रमाणे धंदा नव्हता, पण हे मी मनातच ठेवलं.

"बोयसरची लोका हितून नाक दाबून पलतात," ती काकांना म्हणाली. "तुमी पयलेच, तोंड वाकडा न करता उबे रायलाव. बसा, च्या घ्या."

ती खरंच खूश झाली होती. तिने ओट्यावर गोणपाट टाकलं, चहा आणला. काकांनी कप हातात घेतला आणि न पिताच खाली ठेवला. "बाई, मला वासच येत न्हाई," ते म्हणाले. "मोगऱ्याचा न्हाई, बोंबलाचा न्हाई, कशाचाच न्हाई."

तिने पदराला हात पुसले. "घरवालीला ठाव हाय?"

"न्हाई."

"मंग मना कशाला सांगताव?" ती म्हणाली आणि कामाला गेली.

परतताना काकांनी कुठेही स्कूटर थांबवायला लावली नाही. घरी काकू लसूण सोलत बसल्या होत्या. काकांनी चपलाही काढल्या नाहीत, दारातूनच सगळं सांगून टाकलं. मला पळून जावंसं वाटत होतं.

काकूंनी विचारलं, "म्हंजे बोईसरचा ह्यो कारखान्यांचा घाण वास तुमाला येतच नव्हता?"

"न्हाई."

"मला रोज येतो. जेवण उतरत न्हाई घशाखाली." काकूंनी हातातला लसूण ताटलीत टाकला. "तुमी रविवारी लगबगीनं बाहेर पडायचे. मला वाटलं, जन्मभर राबलेला माणूस, आता कुठं इथं जीव रमतोय. म्हणून मी जायचं नाव काढलं न्हाई. नाक दाबून बसले."

काका उंबऱ्यावर बसले. मग काकूंनी ताटली बाजूला सारली आणि मला म्हणाल्या, "केदार, हिंगोलीची गाडी कधी असते ते बघ."

"अन् तिथं बी न्हाई आला तर?" काकांनी विचारलं.

"न्हाई आला तर न्हाई आला," काकू म्हणाल्या. "मला तर येईल."