फ्रिजच्या दारावरची शाळा

बाईंना राग आला की त्या मोरीतलं धोपटणं उचलायच्या आणि अंगणातल्या दगडावर ओल्या चादरी बडवायला लागायच्या. चादर नसली तर गोणपाट. गोणपाटही वाळत असलं तर नुसता दगड. समोरच माझं मेडिकलचं दुकान. दुकानात उभं राहिलेलं गिऱ्हाईक कान देऊन ऐकायचं आणि म्हणायचं, "आज भागाकार दिसतोय." मी गोळ्यांची पट्टी कापता कापता मान डोलवायचो. गुणाकाराला बाई एवढ्या चिडत नसत.

देवपुरातल्या आमच्या गल्लीत ख्रिस्ती घर बाईंचं ते एकच. नवरा फ्रिज दुरुस्त करायचा. गरीब स्वभावाचा, बोलण्यापेक्षा हसण्यावर भागवणारा. मुलं तीन. थोरला बारा वर्षांचा, मधली नऊची, धाकटा सहाचा. तिघंही शाळेत जात नव्हती, कारण शाळा घरातच होती आणि बाई मुख्याध्यापिका, शिक्षिका, शिपाई असं सगळं एकट्याच होत्या.

सकाळी साडेसातला प्रार्थना. मग नवरा पेटी काढायचा आणि सगळे मिळून एक गीत म्हणायचे. नवऱ्याचा सूर आणि पेटीचा सूर यांची फारशी ओळख नव्हती, पण गीत रोज पूर्ण व्हायचं. आठला गणित. फळा म्हणजे एका भंगारातल्या फ्रिजचं दार, काळा रंग मारून भिंतीला टेकवलेलं. हँडल तसंच होतं. धाकटा कंटाळला की ते धरून ओढायचा, म्हणजे आतून काहीतरी थंड निघेल. दहाला विज्ञान, ते स्वयंपाकघरात. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी का फुगते यावर अख्खा तास जायचा आणि तासाच्या शेवटी विषय खाऊन टाकायचे. दुपारी शुद्धलेखन.

या सगळ्या वेळात घराचं दार सताड उघडं. मी एकदा म्हटलं, "बाई, धूळ येते, लोक डोकावतात, लावून घ्या की."

"डोकावू द्या ना भाऊ," त्या म्हणाल्या. "उघड्या दारात शिकवलं की कुणाला संशय यायला जागा राहत नाही."

मला तेव्हा ते पटलं होतं. आज वाटतं, त्यांची चूक झाली ती इथेच.

त्या घराचा नियम एकच होता. कुणी कुणावर हात उचलायचा नाही. मुलांची जुंपली की बाई ओरडायच्या, "हात आवर, तोंडानं सांग!" मग धाकटा तोंडानं सांगायला लागला की मधली कानावर हात ठेवून पळायची.

नियमामागे कारण होतं. थोरला तिसरीत असताना शाळेतल्या एका सरांनी त्याच्या डाव्या कानाखाली अशी ठेवून दिली की पडदा फाटला. पोरगं कॉलरवर रक्त घेऊन चालत घरी आलं. दुसऱ्याच दिवशी बाईंनी थोरल्याचं आणि मधलीचं, दोघांचं नाव काढून आणलं. कान दुरुस्त झाला नाही. डाव्या बाजूनं बोललं तर त्याला ऐकू यायचं नाही, आणि थंडीत कान वाहायचा. थेंब माझ्याकडूनच न्यायचे. एकदा बाटली घेताना मी त्या सरांना चार शिव्या हासडल्या. मला वाटलं बाईंना बरं वाटेल.

बाई बाटलीवरचं लेबल वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "सरांनी कान फोडला भाऊ. पण त्या कानाला सवय मी लावली होती. माझे वडील आम्हाला पट्ट्यानं मारायचे, मी ह्याला लाटण्यानं मारायचे. प्रार्थना झाली की मारायचे, मारून झालं की प्रार्थना करायचे. मुलांना मी शाळेपासून वाचवलं असं लोक म्हणतात. मी माझा हात घरात शिकायला बसवलाय, रोज माझ्या डोळ्यांसमोर."

त्या दिवसापासून धोपटण्याच्या आवाजावर मी कुणाला विनोद करू दिला नाही. स्वतःही केला नाही.

चार वर्षं तो हात कुणाला लागला नाही. चार घरं सोडून राहणाऱ्या नानांची नात हे ऐकूनच तिथे यायला लागली. इथे मार मिळत नाही आणि भाकरी मिळते, मुलांना आणखी काय हवं? पोरगी महिनाभरात पाढे म्हणायला लागली. नाना खूश होते. मग एके दिवशी घरी जेवताना ताटासमोर तिनं हात जोडले, डोळे मिटले आणि ओठ हलवले. तिला कुणी सांगितलं नव्हतं. बाईंच्या घरी सगळे करतात म्हणून तिनंही केलं.

नाना तसेच उठून आले. "बाई, पोरेसले काय शिकाडी राहिनी तू?"

"भागाकार, नाना. बसा ना, पाणी आणते."

नाना बसले नाहीत. पण नाना म्हातारे होते, त्यांचं भांडण तेवढ्यावरच थांबलं असतं. त्यांच्या मुलाचं, म्हणजे त्या पोरीच्या बापाचं, थांबलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी, शुद्धलेखनाच्या वेळेला, पाच-सहा मोटरसायकली आल्या. नानांचा मुलगा सोडला तर सगळी तोंडं अनोळखी. दार उघडंच होतं, ढकलावंही लागलं नाही. बाई म्हणाल्या, "चपला बाहेर काढा, मुलं खाली बसलीत." खरंच असं म्हणाल्या. त्यावर एकानं फळ्याला लाथ मारली. फ्रिजचं दार मधलीच्या गुडघ्यावर पडलं आणि ती किंचाळली.

पुढचं मी सगळं पाहिलं, कारण मी माझं शटर अर्धं खाली ओढून त्याच्या मागे वाकून उभा होतो. ही गोष्ट मी आजवर कुणाला सांगितली नाही. लाज वाटते, आणि वाटायलाच हवी.

त्यांनी वह्या फाडल्या. पेटी उचलून भिंतीवर आपटली, तिच्या पट्ट्या दातांसारख्या विखुरल्या. नवरा मध्ये पडला, तर दोघांनी त्याला खाली पाडून बुटांनी तुडवला. एकानं त्याच्या उजव्या मनगटावर पाय दिला आणि सगळं वजन टाकलं. तो आवाज मला रस्त्याच्या या बाजूला ऐकू आला. नानांचा मुलगा ओरडत होता, "तिले हाई कोनी शिकाडं? बोल!" ओरडता ओरडता त्याचा पाय फाटलेल्या कागदांवरून सटकला आणि तो पाटीसारखा उताणा पडला.

थोरला स्वयंपाकघरातून आला तो दोन्ही हातांत वरवंटा घेऊन. तो पडलेल्या माणसाच्या डोक्याशी उभा राहिला आणि त्यानं वरवंटा डोक्याच्या वर नेला. बारा वर्षांच्या पोरात एवढं बळ कुठून आलं कोण जाणे. त्याचा चेहरा अगदी शांत होता. मला त्याचीच सगळ्यांत जास्त भीती वाटली.

"हात आवर!" बाई ओरडल्या. त्या त्याच्या डाव्या बाजूला होत्या.

वरवंटा खाली यायला लागला. बाईंनी समोर झेप घेतली आणि थोरल्याच्या चांगल्या कानाखाली, सगळं अंग लावून, थप्पड मारली. पोरगं भिंतीवर जाऊन आदळलं. वरवंटा फरशीवर पडला, फरशी फुटली. नानांच्या मुलाचं डोकं तिथून वीतभर लांब होतं.

सगळे फुटलेल्या फरशीकडे बघायला लागले. कुणीतरी म्हणालं, "चला रे." मोटरसायकली गेल्या. नानांचा मुलगा भिंत धरत धरत चालत घरी गेला. आपण कुणाच्या थपडेमुळे वाचलो हे त्याला कळलं असेल का, देव जाणे. निदान बोलला तरी कधी नाही.

मी मग शटर उचललं. कापूस, पट्ट्या, दुखण्याचं इंजेक्शन, हाताला येईल ते घेऊन गेलो. बाई थोरल्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन विचारत होत्या, "ऐकू येतं? बाळा, आईचं ऐकू येतं?" तो मान हलवत होता, तरी त्या विचारतच होत्या. डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी कान तपासला, काही झालं नव्हतं. मधलीचा गुडघा सुजला होता. नवऱ्याच्या मनगटात सळई घालावी लागली. तक्रार त्यांनी दिली नाही. वरवंट्याबद्दल विचारतील, म्हणून.

पुन्हा शाळा भरली नाही. मी कारण विचारलं तेव्हा बाई म्हणाल्या, "त्याला बिचाऱ्याला ऐकू आलं नाही. डावा कान. ऐकू न आलेल्या पोराला मी मारलं, भाऊ. चार वर्षं कशाला घालवली मी?"

महिन्याभरात त्यांनी घर सोडलं. शिरपूरला बाईंचा भाऊ होता, मुलांना तिथल्या शाळेत घालायचं ठरलं. टेम्पो भरला जात असताना थोरला दुकानात थेंब घ्यायला आला. बाटली खिशात घातली तरी तो जाईना.

"काका, मला ऐकू आलं होतं."

"काय?"

"आई ओरडली ते. तरी मी मारणार होतो." त्यानं काउंटरची काच नखानं खरवडली. "आईला सांगायचंय, पण माझ्यानं होत नाही. तुम्ही सांगाल?"

मी हो म्हटलं. पोरगं रडवेलं झालं होतं, आणखी काय म्हणणार?

थोड्या वेळानं बाई निरोप घ्यायला आल्या. हिरमुसलेल्या, एकदम म्हाताऱ्या दिसत होत्या. खरं सांगितलं असतं तर त्यांची थप्पड तिथल्या तिथे हलकी झाली असती. पण मग दुसरं ओझं त्यांनी उचललं असतं. आपण चार वर्षं जे शिकवलं ते या मुलानं नीट ऐकलं आणि तरीही वरवंटा खाली आणला, हे. कोणतं ओझं त्यांना पेलेल ते मला कळेना.

"भाऊ, तुम्ही समोरून बघत होता ना," त्या म्हणाल्या. म्हणजे त्यांना शटर दिसलं होतं. "खरं सांगा. त्याला ऐकू आलं नव्हतं ना?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यांनी डोळे पुसले, मान हलवली आणि टेम्पोत पुढे जाऊन बसल्या. थोरला मागे सामानावर बसला होता. मी सांगितलं की नाही, ते शोधत तो माझ्याकडे बघत होता. टेम्पो पांझरा नदीच्या पुलाकडे वळेपर्यंत बघत होता, आणि मी दुकानात वळून उगाच बाटल्या पुसायला लागलो.