काच म्हणजे कोणती काच

लीला चिंचेने देवाची समई घासत होती. अर्धी उजळली, अर्धी अजून काळीच होती, तेवढ्यात फोन वाजला.

"लीलाक्का, तुमच्या सगळ्या काचा वाया गेल्या," सुमंत म्हणाला. "मशीनला काही दिसतच नाही. त्या भारतीचे आणखी सहा काप लागतील. आजच."

समई ओट्यावर तशीच टाकून ती मळमड्डीतल्या घरातून रिक्षाने लॅबमध्ये आली. बावीस वर्षं तिचं काम एकच: पेशंटच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा आणि त्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे. डॉक्टर त्यांना रंग देऊन कॅन्सर शोधतात. सुमंत संशोधन करतो. त्याचं मशीन रंगाशिवायच कापावर इन्फ्रारेड प्रकाश टाकतं. शेकोटीजवळ अंगाला जाणवतो पण डोळ्याला दिसत नाही, तसला प्रकाश. रोगट भाग तो वेगळ्या तऱ्हेने शोषून घेतो, म्हणून ओळखू येतो. लीलाला त्या मशीनचं कौतुकच होतं. तिचा राग मशीनवर नव्हता.

सुमंत टेबलाशी उभाच होता. "साध्या काचेतून हा प्रकाश जात नाही अक्का. मी दिलेल्या डबीतल्या गोल चकत्यांवर काप घ्यायचे होते. एवढं कळू नये?"

"तू काय सांगितलंस? 'काचेवर घ्या.' इथं काच म्हणजे काचपट्टी. तुझ्या चकत्या काच आहेत का?"

"नाहीत. काचेसारख्या दिसतात, म्हणून आपलं काच म्हटलं."

"तुझ्या 'आपलं'पायी भारतीचे सहा काप गेले."

भारती अळणावरजवळच्या खेड्यात मजुरी करते. तिच्या गाठीतून सुईने काढलेला तुकडा तांदळाच्या कणीएवढा. त्याची आता जेमतेम कड राहिली होती, आणि औषध कोणतं द्यायचं ते ठरवायला हुबळीच्या डॉक्टर वेदश्रींना तीच हवी होती. ती संपली की भारतीला पुन्हा सुई.

"दोन तरी द्या. संशोधनाला सही केलीय तिनं. रागावू नका."

"रागावू नको, तर काय आरती ओवाळू?" लीलाने फाइलीतून संमतीचा कन्नड फॉर्म काढून त्याच्यापुढे आपटला. "वाच. 'उळिदरे.' उरलं तर! मीच तिला वाचून दाखवलं होतं, माझ्या तोंडाकडे बघून सही केली तिनं. घरी नैवेद्य दाखवायच्या आधी ताटात हात घालतोस का तू?"

सुमंतने ती ओळ वाचली आणि फॉर्म परत सरकवला. मग हळूच म्हणाला, "मग माझं काम?"

"ज्यांचे रिपोर्ट झालेत, तुकडे मोठे आहेत आणि सह्या आहेत, त्यांची यादी आण. तुझ्या चकत्यांवर काढून देते. आणि त्या डबीवर आधी लिही, ही काच नव्हे. कन्नडातही लिही."

तिने भारतीचा ठोकळा दुसऱ्या एका डबीत घातला, ती पर्समध्ये ठेवली आणि चेन ओढली. साडेअकराच्या बसने हुबळीला जाऊन तो डॉक्टर वेदश्रींच्या हातात द्यायचा होता.