कुरडयांशेजारी लॅपटॉप

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. सख्ख्या बहिणीजवळही नाही, आणि तिच्यापासून तर मी भाजी करपली तरी लपवत नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं — तसं काही दिसत नाही. पण सुरुवात केलीच आहे, तर आता मागं फिरत नाही.

मी अकोल्याला राहते. शाळेत गणित शिकवलं, रिटायर झाले, पुढं नवरा गेला, घर तेवढं उरलं. मुलगा एकच, सुमेध. त्याचं अमरावतीला राजापेठेत लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान होतं. लहानपणी त्यानं घरातलं एकही घड्याळ धड राहू दिलं नाही, आणि पुढं त्यातच त्याचा हात बसला. पार मोर्शीहून लोक बिघडलेली मशीन घेऊन त्याच्याकडे यायचे. हे मी शेजारणींना इतक्यांदा ऐकवलं होतं, की त्या विषय बदलायच्या.

त्यानं स्वतःचा जुना लॅपटॉप मला दिला होता, व्हिडिओ कॉलसाठी. होळीनंतर तो फार तापायला लागला. आतला पंखा असा घरघरायचा, की सुमेधचं बोलणंच मला कळेना. त्याला सांगितलं, तर रविवारी स्वतः आला. सतरंजीवर मांडी घालून बसला, खालचे स्क्रू काढून डब्याच्या झाकणात ठेवले, ब्रशनं पंख्यातली धूळ काढली. मग आतली वाळून गेलेली पेस्ट पुसली आणि नवी लावली — चिपची गरमी ती बाहेर पोचवते म्हणे. मी शेजारी टॉर्च धरून बसले होते. त्याच्या मानेवर घाम, आणि कानामागं तो लहानपणचा तीळ. किती दिवसांनी मी तो इतक्या जवळून पाहत होते? पातोडीचा रस्सा केला होता, तो त्यानं दोनदा मागून घेतला आणि संध्याकाळच्या बसनं गेला.

लॅपटॉप गप्प झाला. आणि सुमेधचं येणंही थांबलं.

त्याचा दोष नव्हता हो. दुकान होतं, संसार होता. फोन रोज करायचा. पण फोनमध्ये तीळ दिसत नाही. मला तो घरात हवा होता — सतरंजीवर, स्क्रूड्रायव्हर दातात धरून बसलेला. इतका हवा होता, की रविवारी रस्त्यावर ऑटो थांबली तरी मी दाराशी जायची. मग सरळ म्हणायचं ना, ये रे, आठवण येते? आमच्या घरात असं कुणी कधी बोललंच नाही. आमच्याकडे माणसाला कामासाठी बोलावतात.

म्हणून मी काम काढलं. फोनवर म्हणाले, पुन्हा आवाज येतो. तो म्हणाला, येतो रविवारी. आणि रविवार उजाडला तेव्हा माझ्या लक्षात आलं — लॅपटॉप तर थंडगार आहे. आता त्याला दाखवू काय?

गच्चीवर कुरडया वाळत होत्या. आमच्याकडचं ऊन तुम्हाला ठाऊक असेल. अनवाणी पाय टेकवत नाही. मी लॅपटॉप वर नेला आणि कुरडयांशेजारी, त्याच जुन्या लुगड्यावर, ठेवून दिला. बाजूच्या गच्चीवरून शेजारीण म्हणाली, "मॅडम, हे काय वाळू घातलं?" ओल लागली होती, असं मी तिला सांगितलं. बसस्टँडवरून सुमेधचा फोन आला, तशी धावत वर गेले, पदरात धरून लॅपटॉप खाली आणला आणि सुरू केला. तो दारात आला तेव्हा पंखा नुसता बोंबलत होता. सुमेधनं हात लावून पाहिला, तर चटका बसला.

एकदाच केलं असतं, तर आज हसून सांगितलं असतं. पण त्या उन्हाळाभर मी हेच केलं. तो उघडायचा, पुसायचा, पेस्ट लावायचा. तोवर लॅपटॉप आपोआप निवायचा, आणि त्याला वाटायचं, झालं. चार दिवसांनी माझा फोन — पुन्हा तापतो रे. त्यानं पंखा नवीन टाकला. कूलरसमोर ठेव म्हणाला, ठेवते म्हणाले. मग लॅपटॉप अमरावतीला नेला, दुकानात चालवून पाहिला. तिथंही ऊन काही कमी नाही, तरी तापला नाही. परत आणून दिला, आणि पुढच्या खेपेला पाहतो तर पुन्हा चटका.

सुमेध बदलत होता, हे मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. आधी थट्टा करायचा, 'तुयासारखाच तापट आहे' म्हणायचा. ती बंद झाली. एकच स्क्रू दोनदा तपासायला लागला. अवघड मशीन आली, की दुसऱ्या दुकानात पाठवतो, असं एकदा बोलता बोलता सांगून गेला. हे सगळं मी टॉर्च धरून ऐकलं. आणि पुढच्या रविवारी लॅपटॉप पुन्हा गच्चीवर नेला. तुम्ही काय म्हणाल मला?

त्याचा मेहुणा त्याला पुण्याला नोकरीसाठी बोलवायचा, आणि सुमेध ते हसण्यावारी न्यायचा. मग एका रविवारी त्यानं झाकणातले स्क्रू तसेच राहू दिले. माझ्याकडे न पाहता म्हणाला, "आई, तुयाच लॅपटॉपची गरमी मले समजून नाही राह्यली. लोकाईच्या मशीनले कोनत्या तोंडानं हात लावू?"

वर गच्चीवर लुगडं अजून पसरलेलं होतं. त्याचा हात धरून वर न्यायचं, एवढंच करायचं होतं. खोटं बोलणाऱ्या पोरांना मी शाळेत बाकावर उभं केलेलं आहे. मी टॉर्च बंद केला आणि म्हणाले, "जेवून घे आधी."

त्यानं दुकान मोडलं. आता पुण्यात एका ऑफिसात फोन घेतो, लोकांच्या तक्रारी लिहून वरच्यांकडे पाठवतो. घरी स्क्रूड्रायव्हर ठेवलेला नाही, असं सूनबाई म्हणाली. दिवाळीला येतो, तेव्हा पाहुण्यासारखा खुर्चीवर बसतो. मी मात्र रविवारी अजूनही सतरंजी झटकून ठेवते.

खरं म्हणजे हे एवढं मी बहिणीला सांगून टाकू शकले असते. पण याच्या पुढचं आहे, आणि तेच सांगवत नाही.

मागं एकदा व्हिडिओ कॉलवर त्यानं विचारलं, "आई, आता आवाज नाही येत लॅपटॉपचा? काहून?" मी म्हणाले, "स्टेशनजवळ एकाकडून करून घेतला."

तो हसला — मनापासून, माझं काम झालं म्हणून.

"पाय, होत होता म्हनजे दुरुस्त. मलेच येत नोतं."

मी म्हणाले, "हो." लॅपटॉपचा जराही आवाज नव्हता, त्याला ते 'हो' स्पष्ट ऐकू गेलं.